आईच्या कुंड्यांची माती

आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा आमच्या गच्चीवर नऊ बोन्साय होती. त्यातल्या एकाच्याही कुंडीत कसली माती आहे, हे मला ठाऊक नव्हतं. दोन वड, एक उंबर, एक चिंच, एक डाळिंब, एक कामिनी, दोन बोगनवेली आणि एक जाड पानांचं जेड. नावं मला पाठ होती, कारण कित्येक वर्षं ती झाडं ओलांडूनच मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. त्यापलीकडे माझा त्यांच्याशी संबंध नव्हता.

येरवड्याला आमचं बैठं घर होतं. वडील मी कॉलेजात असतानाच गेले. लग्न मोडून मी परत आले त्याला चार वर्षं झाली होती आणि घरात आम्ही दोघीच होतो. माझी नोकरी हिंजवडीला. सकाळी सव्वासातला चौकात कंपनीची बस यायची आणि संध्याकाळी आठला तिथेच सोडायची. अमेरिकेतल्या एका बँकेचा प्रोग्रॅम कुठे अडकला की तो सोडवायचा, हे आमच्या टीमचं काम. दिवसभर दुसऱ्याची अडलेली कामं सोडवून घरी यायचं आणि मग आईचं सुरू करायचं. औषधं, अंग पुसणं, मालिश, जेवण भरवणं. त्या काळातल्या माझ्या आठवणी फार कमी आहेत. थकवा मात्र लख्ख आठवतो. बसमध्ये खिडकीला डोकं टेकलं की बाणेरच्या पुढे काय आहे ते कळायचंच नाही.

आई टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आमच्या घराण्यात बाबासाहेबांच्या मागून धम्मात गेलेल्या पिढीतले लोक मिलमध्ये, प्रेसमध्ये लागले. बाईमाणसाने सरकारी नोकरी करणं तिच्यापासून सुरू झालं. तिचं मराठी फार स्वच्छ होतं. 'ळ' आणि 'ण' असे यायचे की पलीकडचा माणूस ओळखीच्या बाईशी बोलतोय असं समजून आवाज खाली आणायचा. मग यंत्रं बदलली. गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले, लोक स्वतःच नंबर फिरवायला लागले, आणि आईसमोरचा बोर्ड बंद झाला. तिला दुसऱ्या विभागात टेबल दिलं. टेबलावर काम नव्हतं. "बसून बसून माझ्या जिभेला मुंग्या येतात गं," असं ती मला म्हणाली होती. त्याच दिवसांत ऑफिसातल्या एका मैत्रिणीबरोबर ती सदाशिव पेठेतल्या एका बाईंच्या बोन्सायच्या वर्गाला जायला लागली.

त्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या होत्या आणि वर्गही शाळेसारखाच घ्यायच्या. पहिल्याच महिन्यात त्यांनी सगळ्यांना पिंपळाचं रोप आणायला सांगितलं, कारण पिंपळ कुठल्याही भिंतीत फुकट मिळतो. आईने आणलं नाही. बाईंनी कारण विचारलं. आई म्हणाली, "आमच्याकडे तो बोधिवृक्ष आहे. त्याला छाटून बुटका करायला माझा हात धजणार नाही." बाई म्हणाल्या, "मग उंबर आणा. त्याच्यावर आपल्या दोघींचीही हरकत नसावी." हा प्रसंग आईने मला हसत हसत सांगितला होता, पण सांगताना तिची मान जरा ताठ होती. गच्चीवरचा उंबर तो.

दर दोन वर्षांनी, मे महिन्याच्या शेवटी, आई कुंड्या बदलायची. अंगणात जुनी चादर अंथरून, तीन चाळण्या घेऊन बसायची. विटा फोडायची, चाळायची, बारीक धूळ उडवून टाकायची, कशात तरी कसलं तरी मूठ मूठ मिसळायची. मी तेव्हा कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होते. "आई, धूळ घरात येतेय," एवढंच मी तिला म्हटल्याचं आठवतं. एकदाही शेजारी बसले नाही. तिनेही कधी बस म्हटलं नाही.

झटक्याने तिची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. दोन-तीन शब्द तेवढे उरले होते. 'नाही' होतं. 'अगं' होतं. आणि एक अख्खं वाक्य होतं, "थांबा हं." पंचवीस वर्षं कॉल जोडताना ती दिवसातून शेकडो वेळा हे बोलली असेल. बाकी सगळं पुसलं गेलं आणि हे राहिलं. पाणी हवं असलं तरी "थांबा हं", पाणी नको असलं तरी "थांबा हं". पोटच्या मुलीलाही ती आता अहो-जाहो करत होती. पहिले काही दिवस मला त्याचं रडू आलं. मग त्याचीही सवय झाली.

दिवसा तिच्याजवळ थांबायला शेजारच्या वस्तीतल्या एक मावशी यायच्या. प्रेमळ बाई. आईला खुर्चीत बसवून त्या खोलीच्या दारात आणायच्या. तिथून गच्चीचा जिना आणि वरच्या कठड्यावरच्या चार कुंड्या दिसायच्या. मे महिना आला तशी आई डाव्या हाताने सारखी वर बोट करायला लागली. मावशी म्हणाल्या, "ताई, आजींचा जीव त्या झाडांत हाय. काय तरी करा बाई."

मी वर जाऊन बघितलं. कुंड्यांच्या तळाच्या भोकांतून मुळं बाहेर आली होती. पाणी घातलं की वरच्या वर वाहून जात होतं. माती बदलायला हवी, एवढं मलाही कळलं. एका रविवारी नर्सरीत जाऊन मी तयार मातीच्या चार पिशव्या आणल्या. पिशवीवर झाडाचं चित्र होतं आणि 'बोन्साय मिक्स' असं छापलेलं होतं. आत काळीभोर, मऊ, हलकी माती होती, बहुतेक सगळा नारळाचा भुसा. हाताला छान लागत होती. मला वाटलं, विटा फोडत बसायचा आईचा खटाटोप उगाच होता. आता सगळं तयार मिळतं.

आई अंगणात खुर्चीवर बसली होती. मी पहिल्या कुंडीत ती माती घातली तशी ती म्हणाली, "थांबा हं."

"हो आई, होतंच आलं," मी म्हटलं.

"थांबा हं. थांबा हं."

मी थांबले नाही. दुपारपर्यंत नऊच्या नऊ कुंड्या उरकल्या, वर नेऊन ठेवल्या आणि संध्याकाळपर्यंत झोपले.

पाऊस लागला. नारळाच्या भुशाने पाणी धरून ठेवलं. त्यात मावशी दुपारचा चहा झाला की वर जाऊन प्रत्येक झाडाला तांब्याभर पाणी घालायच्या, पाऊस असला तरी. मी त्यांना सांगितलं नव्हतं आणि त्यांना कोण सांगणार? श्रावणात डाळिंबाची पानं पिवळी पडून गळाली. मग एका वडाची. मी वडाचं खोड हलवून बघितलं तर तो अख्खा वर आला, मुळं काळी आणि बुळबुळीत, फुलदाणीतल्या चार दिवसांच्या पाण्यासारखा वास. तो वड आईने वर्गाच्या पहिल्या वर्षी लावलेला होता. मी तो पिशवीत घालून कचऱ्याच्या डब्यात टाकला, खाली आले आणि मावशींना सांगितलं, पाणी आता मीच घालीन. आईने माझ्या हातांकडे बघितलं आणि मान फिरवली.

तिच्या जुन्या डायरीत बोन्सायच्या बाईंचा नंबर होता. फोन लावला. आईबद्दल सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "शनिवारी चारला या. आजारी झाडांपैकी एक घेऊन या. उगाच वर्णन करत बसू नका."

मी उंबर घेऊन गेले. रिक्षात मांडीवर धरून. बाई तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे असतील. ताठ, पांढरे केस, सुती साडी. त्यांनी उंबर टेबलावर ठेवून घेतला, मातीत तर्जनी पहिल्या पेरापर्यंत खुपसली आणि बाहेर काढून मला दाखवली. बोट ओलं होतं.

"ही माती कोणी सांगितली?"

"नर्सरीत मिळाली. पिशवीवर बोन्साय मिक्स लिहिलं होतं."

"तुम्हाला वाचता येतं हे चांगलं आहे. मातीत बोट घातलं होतं का?"

मी नाही म्हटलं. त्यांनी मला समोर बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. झाड जमिनीत असतं तेव्हा पाणी खाली खाली जायला जागा असते. इथे खाली चार बोटांवर कुंडीचा तळ. त्यामुळे मातीच्या कणांमध्ये फटी पाहिजेत, पाणी निघून जायला आणि हवा आत यायला. मुळं पाणी पितात हे सगळ्यांना माहीत असतं, ती श्वासही घेतात हे कोणी लक्षात घेत नाही. त्यासाठी विटांचे तुकडे, वाटाण्याएवढे, धूळ चाळून टाकलेले. पाणी थोडं धरून ठेवायला पोयटा, म्हणजे नदीकाठच्या शेतातली गाळाची माती. आणि खाऊ म्हणून जुनं, कुजून काळं झालेलं पालापाचोळ्याचं खत. हे तीनच. बाकी लाड.

"आई किती प्रमाणात घालायची?" मी वही काढली.

"तुमच्या आई पाच वाट्या विटा, एक पोयटा, एक खत घालायच्या. माझ्या वर्गात सगळ्यात कोरडी माती त्यांची. आणि सगळ्यात चांगली झाडंही त्यांचीच." मी लिहून घ्यायला लागले तशी त्या म्हणाल्या, "लिहू नका. आधी मला सांगा, दिवसातून किती वेळा पाणी घालणार आहात?"

"एकदा. सकाळी निघायच्या आधी." मग मी खरं ते बोलले. "तेही रोज जमेल असं नाही."

"तुमच्या आई उन्हाळ्यात तीनदा घालायच्या. ऑफिसातून दुपारी घरी येऊन घालायच्या, मला ठाऊक आहे. म्हणून त्यांना ती माती चालायची. तुम्ही तीच माती भरलीत तर एप्रिलमध्ये झाडं वाळतील. आता कुजताहेत, मग वाळतील. फरक काही नाही." त्यांनी उंबर माझ्याकडे सरकवला. "माती झाडाकडे बघून निवडतात असं सगळे म्हणतात. ते निम्मंच खरं आहे. पाणी कोण घालणार, त्या माणसाकडे बघून निवडावी लागते. तुमच्यासाठी तीन वाट्या विटा, दोन पोयटा, एक खत. आईंना आवडणार नाही."

निघताना मी विटांचं विचारलं. आमच्या घराजवळ तीन ठिकाणी इमारती उठत होत्या. बाई म्हणाल्या, तिथे सिमेंटचे ठोकळे असतात, ते कामाचे नाहीत, चुना सोडतात. भट्टीची लाल वीट पाहिजे, नीट भाजलेली. कच्ची असली तर पाण्यात तिचा चिखल होतो. "लोणी काळभोरकडे भट्ट्या आहेत अजून. आईंना घेऊन जा. त्यांना वीट कळते."

आईला घेऊन जाणं म्हणजे काय, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. घरातून बाहेर पडायचं म्हणजे खुर्ची, दोन माणसं, जास्तीचे कपडे, रबरी चादर. पावसाळा संपेपर्यंत मी ते टाळलं. मधल्या काळात पिशवीतली माती उपसून काढली आणि झाडं तात्पुरती वाळूत रोवून ठेवली. वाळूही तेव्हा सहज मिळत नव्हती, सगळी बांधकामांकडे जायची. शेजारच्या इमारतीच्या वॉचमनने दोन घमेली दिली. दिवाळीनंतर एका रविवारी मी भाड्याची गाडी ठरवली. मावशी बरोबर आल्या. आईला पुढच्या सीटवर बसवलं.

दीड वर्षात ती दवाखान्याखेरीज कुठे गेली नव्हती. हडपसर सोडलं आणि ती खिडकीच्या काचेला चिकटून बघायला लागली. जिथे उसाची शेतं होती तिथे मुरमाचे ढीग होते आणि 'टू बीएचके'चे फलक. ती एकेका फलकाकडे बोट करायची आणि माझ्याकडे वळून बघायची, जणू मी तो लावलाय. लोणीच्या पुढे एका आडरस्त्याला भट्टीचा धूर दिसला. तिथे गाडी लावली.

भट्टीवरच्या बाई पत्र्याच्या शेडखाली भाकरी खात होत्या. मी म्हटलं, फुटक्या विटा हव्यात, दोन पोती.

"फुटक्या कशाला? चांगल्या न्या की."

"झाडांना हव्यात. कुंडीत घालायला."

"आता झाडं बी विटा खायला लागली का?" त्या उठल्या आणि एका घमेल्यात तुकडे घेऊन गाडीपाशी आल्या. गाडीचं दार उघडंच होतं. त्यांनी घमेलं आईच्या पायाशी ठेवलं.

आईने डावा हात घातला. एक तुकडा उचलला, नखाने खरवडला, खाली टाकला. दुसरा उचलला. मग तिसरा तिने तोंडाजवळ नेला आणि जिभेला लावला. तो तुकडा क्षणभर जिभेला चिकटून राहिला.

"अगं बया," भट्टीवाल्या बाई म्हणाल्या, "आजीस्नी माती खायची सवय हाय का?"

आणि आई हसली. अर्ध्या तोंडाने, वाकडी, लाळ गळत. झटका आल्यापासून ती हसल्याचं मी पहिल्यांदा बघत होते. मावशी हसल्या, ड्रायव्हर हसला. मला तेव्हा कळलं नाही, पुढे बोन्सायच्या बाईंनी सांगितलं, की नीट भाजलेली, आतून बारीक छिद्रांची वीट ओलावा खेचते म्हणून जिभेला धरते. ही खूण वर्गात शिकवलेली नव्हती. आईने स्वतःच शोधली असावी.

तिने निवडलेल्या ढिगातून दोन पोती भरली. पोयटाही तिथेच मिळाला, नदीकाठच्या त्यांच्याच शेतातला. भट्टीवाल्या बाईंनी तो वर आणखी घमेलंभर दिला आणि आईला म्हणाल्या, "पुढल्या टायमाला भाकरी खायला या." परतीच्या वाटेवर आई झोपली. मी मागे बसून विचार करत होते की सोमवारी बँकेच्या प्रोग्रॅमवर एक मोठी दुरुस्ती चढवायची आहे आणि मी तिची तयारी केलेली नाही.

फेब्रुवारीपर्यंत विटा तशाच पडून राहिल्या. मग एका रविवारी सकाळी मी अंगणात चादर अंथरली. आधी हातोडीने विटा फोडल्या. तासाभरात हाताला फोड आले. जाड चाळणीतून गाळलं, वर राहिलेलं परत फोडलं. मग बारीक चाळणीने धूळ काढली. खोकला येत होता. दोन पोत्यांतून एवढंसं निघालं की मला तिथेच बसून राहावंसं वाटलं. मावशींची सुट्टी होती. आई खुर्चीत होती आणि एकेका हालचालीवर तिची नजर होती.

टबमध्ये मी तीन वाट्या विटा, दोन पोयटा, एक खत असं मिसळलं आणि ओंजळभर तिच्यापुढे धरलं. तिने बोटांनी चाचपलं, मूठ वळून बघितली. मूठ उघडल्यावर माती सुटायला हवी, तिचा गोळा जरा टिकून राहिला. तिने माझा हात बाजूला सारला.

"नाही."

"बाईंनीच सांगितलंय, आई."

"नाही. थांबा हं." आणि विटांच्या ढिगाकडे बोट.

मी आणखी एक वाटी विटा घातल्या. परत धरलं. परत "नाही". आणखी अर्धी. तिसऱ्यांदा तिने माझ्या हातावर जोरात मारलं आणि सगळी माती खाली सांडली.

मी ओरडले. त्या दोन वर्षांत मी तिच्यावर ओरडले नव्हते, तिला भरवताना नाही की तिचे कपडे बदलताना नाही. "पाणी तू घालणार आहेस का? पाणी मी घालणार आहे! दुपारी घरी येऊन पाणी घालायला मी तुझ्यासारखी नाही. मला नाही जमत. मला काहीच जमत नाहीये, आई."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खाली बसले होते, हात विटांच्या रंगाने लाल, आणि मला रडूही येत नव्हतं. शेजारच्या घरातला रेडिओ तेवढा चालू होता. बऱ्याच वेळाने तिने पायाने टब आपल्याकडे ओढायचा प्रयत्न केला. जमेना. मी तो तिच्या खुर्चीजवळ सरकवला. तिने वाकून डावा हात आत घातला, ढवळला. मग पोयट्याच्या घमेल्याकडे बोट केलं.

"पोयटा? अजून?"

तिने मान हलवली. मी एक मूठ घातली. तिने बोट वर धरलं, आणखी एक. मग खताकडे बोट केलं आणि ते नको म्हणून हात हलवला. मग माझा हात धरून टबमध्ये खाली नेला आणि माझी बोटं त्या मातीत दाबून धरली, चाचणीसाठी नाही, नुसतीच. आमच्या दोघींचे हात बराच वेळ तसेच होते. त्या दिवशीची माती बाईंच्या मापाची नव्हती आणि आईच्याही नव्हती. नक्की प्रमाण काय होतं ते मला सांगता येणार नाही. हाताला कशी लागली होती ते सांगू शकते, ओलसर भरड्या पिठासारखी.

डाळिंबही पावसाळ्यातच गेलं होतं, उरलेली सात झाडं संध्याकाळपर्यंत लागली. मुळं कापायची भीती वाटत होती. जिथे कापायचं तिथे आई बोट लावायची आणि मी डोळे बारीक करून कात्री चालवायचे. चिंचेचं बुंध्याजवळचं एक जाड मूळ मी चुकून तोडलं. आईने कपाळावर हात मारला. चिंच एप्रिलात गेली. बाकीची सहा राहिली. उन्हाळाभर मी सकाळी निघायच्या आधी पाणी घालत होते. आठवड्यातून एखादा दिवस चुकायचा तेव्हा बसमध्ये बसल्यावर आठवायचं. पण संध्याकाळी येऊन बघितलं तर पानं जरा मलूल असायची, वाळलेली नसायची. माती तेवढी ओल धरून होती. पुढे मावशींना मी तर्जनीची युक्ती शिकवली. त्या रोज बोट घालून मला सांगायच्या, "आज ओलं हाय, घातलं नाही."

आणखी वर्षभराने आमच्या टीमचं काम वाढलं. मला शनिवारीही जावं लागायला लागलं. त्याच सुमारास बोन्सायच्या बाई आईला भेटायला घरी आल्या. जिना चढून वर गेल्या, सगळ्या कुंड्या बघितल्या आणि खाली येऊन आईच्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "उंबर बरा आहे. माती कोणाची?" आईने माझ्याकडे बोट केलं. बाई म्हणाल्या, "बरी आहे." त्यांच्याकडून यापेक्षा जास्त कोणाला मिळालं असेल असं वाटत नाही. मग मीच विषय काढला. म्हटलं, मला सहा जमणार नाहीत, तुमच्या वर्गातल्या कोणाला द्यायची का?

आईला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. तिने आम्हाला खुर्ची जिन्याखाली न्यायला लावली आणि मी एकेक कुंडी खाली आणून तिच्यासमोर ठेवली. द्यायच्या कुंड्यांना ती हात लावत होती. उंबर. वड. कामिनी. तिन्ही तिची लाडकी, आणि तिन्ही रोज पाणी लागणारी. दोन बोगनवेली आणि जेड तिने मागे ठेवले. त्यांना दोन दिवस पाणी नाही मिळालं तरी चालतं. बाईंच्याही ते लक्षात आलं, कारण त्या चष्मा पुसायला लागल्या. मी तिन्ही कुंड्या रिक्षात ठेवल्या. बाईंनी उंबर स्वतःच्या मांडीवर घेतला.

आई त्यानंतर दीड वर्ष होती. दुसरा झटका सकाळचा आला, मावशी यायच्या वेळेला. मी बससाठी निघाले होते, मावशींचा फोन आला तशी चौकातून परत आले. त्यानंतर काय करायचं असतं ते सगळं केलं आणि तेराव्या दिवशी कामावर गेले, कारण घरात बसून करण्यासारखं काही नव्हतं.

येरवड्याचं घर पुढे विकलं. खराडीला अकराव्या मजल्यावर छोटा फ्लॅट घेतला. तिथे वारा फार आहे आणि माती दुपारपर्यंत खडखडीत होते, त्यामुळे परत पोयटा थोडा वाढवावा लागला. लोणीची ती भट्टी बंद झाली. गेल्या वेळी मी भोर रस्त्याच्या एका कुंभाराकडून फुटक्या कुंड्यांचे तुकडे आणले, ते विटांपेक्षा बरे निघाले. आता एक बोगनवेल आणि जेड एवढीच उरली आहेत. दर दुसऱ्या वर्षी एक रविवार त्यात जातो. गुडघे दुखतात म्हणून आता स्टुलावर बसून चाळते. दुपारी आंघोळ करून झोपते. सोमवारी कंपनीची बस आता खालीच येते, सोसायटीच्या गेटपाशी, सात चाळीसला.